विश्लेषण : रोज गेम खेळल्याने ओएलईडी मॉनिटरवर कायमचा डाग पडतो का?

तीन-चार वर्षे वापरलेल्या अमोलेड फोनवर करडे किंवा पांढरे पान पूर्ण पडदाभर उघडले, की कधी कधी खाली कीबोर्डची आणि वर बॅटरीच्या चिन्हाची पुसट सावली दिसते. फोनवर ती खपून जाते, कारण फोन तसाही बदलायचा असतो. साध्या मॉनिटरच्या काही पट किंमत मोजून घेतलेल्या ओएलईडी मॉनिटरवर मात्र अशी सावली कोणालाच नको असते. रोज चार-पाच तास गेम खेळणाऱ्यांना ही भीती अधिक वाटते. ती कितपत खरी आहे?

‘बर्न-इन’ म्हणजे नेमके काय?

एलसीडी मॉनिटरमध्ये पडद्यामागे दिवे असतात आणि पिक्सेल त्या प्रकाशाला केवळ वाट देतात किंवा अडवतात. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि वेगवान दृश्ये फरफटत नाहीत. गेमर याच गुणांसाठी जादा पैसे मोजतात. पण प्रकाश देणारे हे सेंद्रिय पदार्थ वापरासोबत मंद होत जातात.

‘बर्न-इन’ हा शब्द जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातला. त्यातून काहीतरी जळाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ही झीज असते. जुन्या वाड्याच्या जिन्यात पायऱ्या मधोमधच झिजतात, कारण पाय तिथेच पडतात. पडद्याचेही तसेच. सगळे पिक्सेल सारखे मंदावले तर डोळ्यांना कळत नाही; एकाच जागी उजळ चिन्ह हजारो तास राहिले तर तिथला भाग शेजाऱ्यांपेक्षा मागे पडतो आणि त्याची सावली उरते. यात निळा प्रकाश देणारा पदार्थ सर्वांत लवकर थकतो. अनेक गेमिंग मॉनिटरमधील क्यूडी-ओएलईडी पॅनेलमध्ये मूळ प्रकाशच मुख्यतः निळा असतो आणि क्वांटम डॉट त्याचे लाल-हिरव्यात रूपांतर करतात.

थोड्या वेळाने आपोआप नाहीशी होणारी सावली मात्र बर्न-इन नव्हे.

मग गेमने किती झीज होते?

याचे सर्वांत बोलके उत्तर मॉनिटरच्या नव्हे, टीव्हीच्या चाचणीत मिळते. कॅनडातील ‘आरटिंग्ज’ या परीक्षण संकेतस्थळाने २०१८ मध्ये एलजीचे एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी टीव्ही रोज २० तास चालवले. एकावर ‘फिफा १८’, दुसऱ्यावर ‘कॉल ऑफ ड्यूटी’, इतरांवर वृत्तवाहिनी, फुटबॉलचे प्रक्षेपण वगैरे. सुमारे ९,००० तासांनंतर वृत्तवाहिनीच्या टीव्हीवर ठळक डाग होते. ‘फिफा’च्या टीव्हीवरही होते. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या टीव्हीवर मात्र जाणवण्याजोगा डाग पडला नाही.

दोन्ही गेमच, तासही तेवढेच. फरक पडद्यावर काय स्थिर राहते यात आहे. फुटबॉलच्या गेममध्ये गुणफलकाची भरीव, उजळ पट्टी सामना संपेपर्यंत हलत नाही, पुढच्या सामन्यात पुन्हा तिथेच येते. युद्धाच्या गेममध्ये मागचे दृश्य सतत फिरते आणि कोपऱ्यातील आकडे तुलनेने बारीक व फिके असतात. ९,००० तास म्हणजे रोज चार तासांप्रमाणे सहा वर्षांहून अधिक काळ. तोही एकच गेम! आज नेमबाजी, उद्या शर्यत, परवा एखादी लांबलचक कथा असे खेळणाऱ्याला म्हणूनच फारशी चिंता नको. वर्षानुवर्षे एकच गेम, तोही पूर्ण ब्राइटनेसवर खेळणाऱ्याने मात्र सावध राहावे. बऱ्याच गेममध्ये नकाशा आणि आरोग्यपट्टी फिकी किंवा लहान करण्याची सोय असते. ती वापरावी.

खरा धोका टास्कबारचा?

बहुतांशी होय. २०२२ मध्ये एलियनवेअरच्या ३४ इंची मॉनिटरपासून क्यूडी-ओएलईडी गेमरच्या टेबलावर आले, पण त्याच टेबलावर दिवसा ऑफिसचे कामही चालते. ‘मॉनिटर्स अनबॉक्स्ड’ या यूट्यूब वाहिनीने २०२४ पासून असा एक ३२ इंची मॉनिटर मुद्दाम कार्यालयीन कामाला जुंपला. काही महिन्यांतच टास्कबारची आणि दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवल्याने मधोमध पडणाऱ्या रेघेची फिकी खूण करड्या पडद्यावर दिसू लागली. नेहमीच्या वापरात ती सहसा लक्षात येत नाही, पण खूण ती खूणच. म्हणजे आठ तास एक्सेल आणि दोन तास गेम असा दिनक्रम असेल, तर दोष गेमला देण्यात अर्थ नाही. टास्कबार आपोआप लपणारा ठेवणे, गडद थीम, पाच मिनिटांत बंद होणारा पडदा आणि कामाच्या वेळी कमी ब्राइटनेस यांचा उपयोग महागड्या कोणत्याही उपायापेक्षा जास्त.

मॉनिटर स्वतःची काळजी घेतो का?

घेतो, पण त्याला वीज लागते. चित्र अधूनमधून काही पिक्सेल सरकवणे आणि स्थिर चिन्हे मंद करणे ही कामे वापर चालू असतानाच होतात. महत्त्वाची क्रिया ‘पिक्सेल रिफ्रेश’ची. साधारण चार तासांच्या वापरानंतर मॉनिटर ती सुचवतो आणि स्टँडबायमध्ये गेल्यावर काही मिनिटांत उरकतो. आपल्याकडे काम संपले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची चांगली सवय आहे. इथे तीच अडचणीची ठरते. वीज तोडली की ही क्रिया होतच नाही. दिवसाच्या शेवटी मॉनिटर आधी त्याच्या बटणाने बंद करावा, पुढची दहा मिनिटे भिंतीवरचे बटण चालू ठेवावे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

एलसीडीही अमर नसतो, त्याचे मागचे दिवे बिघडतात. तरी हा डाग ओएलईडीचाच, म्हणून वॉरंटीत त्याचा स्पष्ट उल्लेख हवा. काही कंपन्या बर्न-इनसह तीन वर्षांची हमी देतात, पण परदेशातील अट भारतातही लागू असेलच असे नाही. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न थांबता भारतातील वॉरंटीपत्रातील मजकूर वाचावा आणि बिल जपून ठेवावे. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी पडदाभर करडा रंग लावून, अंधाऱ्या खोलीत त्याचा एक फोटो काढावा. सावली असेल तर ती तेव्हाच दिसेल, आणि तक्रार करायला वेळही उरलेला असेल.