पाण्यावर गावाची नजर

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा (१८९२) आणि भातसा शहापूर तालुक्यातले. मुरबाडच्या हद्दीत पसरलेल्या बारवी धरणाचं पाणी आसपासच्या शहरांना आणि कारखान्यांना जातं. तानसाभोवती अभयारण्य आहे. पाड्यावरच्या विहिरीची राखण मात्र करायची ती गावानंच.

ते काम दोघांवर असतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत क्लोरीन असलेली टीसीएल पावडर मिसळतो आणि ओटी चाचणी घेतो: नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली, तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचला. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवा. दुसऱ्या असतात गावातल्या महिला. जलजीवन मिशननुसार दर गावात पाच जणींना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं आहे. गढूळपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह त्या जागेवरच पाहतात. जंतूंसाठी वेगळी बाटली. पाणी भरून ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत काळं पडलं, तर ते दूषित समजायचं. मग नमुना प्रयोगशाळेत.

पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. गळकी जलवाहिनी, विहिरीजवळचा उकिरडा, फुटलेला कठडा, सगळं त्यात मोजलं जातं. लाल कार्ड म्हणजे साथीचा मोठा धोका. हे कार्ड ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं जावं. गावाला ते मागण्याचा पूर्ण हक्क आहे.