डेव्हिड बूथ ते खालिद जमील: मुंबईतील एका प्रशिक्षक-परंपरेचा मागोवा

बार्न्सली आणि ग्रिम्सबी टाउन या इंग्लिश फुटबॉल क्लबांकडून बचावपटू म्हणून खेळलेले डेव्हिड बूथ पुढे ग्रिम्सबीचेच व्यवस्थापक झाले (इंग्लंडमध्ये मुख्य प्रशिक्षकाला व्यवस्थापक म्हणतात) आणि 1983-84 च्या हंगामात त्यांनी हा लहान क्लब तेथील दुसऱ्या श्रेणीत पाचव्या स्थानावर नेला. मुंबईत त्यांनी आधी महिंद्रा युनायटेडला मार्गदर्शन केले आणि 2007 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीचे ते पहिले प्रशिक्षक झाले. हा संघ 2008 मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च राष्ट्रीय साखळीत, दाखल झाला. हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण प्रशिक्षक घडण्यासाठी आधी टिकाऊ क्लब लागतो.

बूथ यांच्यानंतर 2009 मध्ये मुंबई एफसीच्या प्रशिक्षकपदाची जबाबदारी खालिद जमील यांच्याकडे आली. 1977 मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले आणि मुंबईत महिंद्रा व एअर इंडियाकडून खेळलेले हे मध्यरक्षक दुखापतींमुळे निवृत्त झाले, तेव्हा बत्तिशीचे होते. मुंबई एफसीने त्यांना 2016 पर्यंत सलग सात वर्षे दिली; या काळात विजेतेपद आले नाही, पण बेताच्या साधनांत संघ वरच्या श्रेणीत टिकला. भारतीय क्लबांमध्ये दुर्मीळ असलेला हा धीर जमील यांच्या घडणीचे खरे कारण मानावा लागतो.

त्याचे फळ मात्र दुसऱ्याच शहराला मिळाले. 2016-17 मध्ये, आदल्याच हंगामात अवनतीच्या (खालच्या श्रेणीत घसरण्याच्या) स्थानी राहिलेल्या मिझोरमच्या ऐझॉल एफसीने जमील यांच्या मार्गदर्शनाखाली मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली आणि ईशान्य भारताला पहिले राष्ट्रीय साखळी विजेतेपद मिळाले. त्याच हंगामात मुंबई एफसीची अवनती झाली आणि नंतर तो क्लब बंद पडला. पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर असा जमील यांचा प्रवास झाला. नॉर्थईस्टसोबत 2020-21 मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले.

बॉब हाउटन आणि स्टीफन कॉन्स्टंटाइन या इंग्रजांनी दीर्घकाळ सांभाळलेले राष्ट्रीय प्रशिक्षकपद ऑगस्ट 2025 मध्ये जमील यांच्याकडे आले. काफा (मध्य आशियाई फुटबॉल संघटना) नेशन्स चषकात ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला; ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावात सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाल्याने 2027 च्या आशिया चषकाचे दार बंद झाले.