माणूस माणसांमुळे : उबुंटू आणि आपला गावगाडा

दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषेत एक म्हण आहे : 'उमुंतु न्गुमुंतु न्गबंतु'. माणूस हा इतर माणसांमुळे माणूस असतो, असा तिचा अर्थ. या जाणिवेला तेथे 'उबुंटू' म्हणतात. वाटसरूला घास देणे, शेजाऱ्याचे दुःख आपले मानणे, हे तिचे व्यवहारातले रूप. पण उबुंटू म्हणजे दानधर्म नव्हे. दानात देणारा आधीच मोठा असतो आणि घेणारा लाचार. उबुंटूचे म्हणणे असे, की दुसऱ्याचे माणूसपण मी नाकारले तर माझेच माणूसपण उणे होते.

कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हे मांडतो तेव्हा कोणीतरी हमखास म्हणते, 'यात नवीन ते काय? आपल्या बलुतेदारीत सगळे एकमेकांवर अवलंबूनच होते.' हे म्हणणे सातारा-सांगलीच्या मातीवरच तपासून पाहू.

अवलंबून होते, हे खरे. महारावाचून गावाचे पान हलत नव्हते. सांगावा पोचवणे, गावाची शीव दाखवणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे त्याच्याच माथी होती. त्याबदल्यात दारोदारची भाकरी मिळे, तीही वरून टाकलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन-सुधारणेचे विधेयक मांडले, ते या गुलामीवर घाव घालण्यासाठीच. प्रत्यक्ष वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे परस्परावलंबन आणि परस्परांचे माणूसपण मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बैलावाचूनही शेती होत नव्हती; म्हणून बैलाला कोणी पंगतीला बसवले नाही.

१९०१ सालचा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवला आहे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण पोरांनीच गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, या अटीवर. रात्री नाक्यावर पाणी मिळाले नाही. शिदोरी भरलेली, पण पाण्यावाचून घास गिळता येईना. मुले उपाशी झोपली. भुकेल्या रयतेला काम मिळावे म्हणून जेथे तलाव खणला जात होता, तेथे मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळाले नाही. दया होती, सरकारी खर्चही होता. नव्हते ते उबुंटू.

मग या जिल्ह्यांत उबुंटू कोठे दिसतो? मला तो पंगतीत दिसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हा त्याग मोठाच. पण त्याहून मोठी ती पंगत. त्यागाने पोट भरते, पंगतीने पायरी मोडते.

आणि तो पाण्यात दिसतो. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळी शेतकरी यांच्यातून खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर बळवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. त्यामागचे तत्त्व नवे होते : पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. म्हणून भूमिहीन कुटुंबाचाही पाण्यात समान वाटा. जमीन नसलेल्याने आपले पाणी जमीनवाल्याशी वाट्याने लावावे. अशा व्यवहारात भूमिहीन हा मागणारा राहत नाही, तो हक्काचा भागीदार होतो. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्यांच्यासाठी या फरकाची किंमत शब्दांत सांगण्यासारखी नाही.

उबुंटूच्या मायदेशीही हाच पेच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेत सूडाऐवजी उबुंटू हवा असे म्हटले आहे. १९९५ साली तेथील घटना न्यायालयाने फाशी रद्द केली, तेव्हा न्यायमूर्तींनी त्याचाच आधार घेतला. पण सत्य व सलोखा आयोगाला गुन्हेगारांना माफी देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा १९७७ साली पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिकोच्या कुटुंबीयांनी त्याला आव्हान दिले. १९९६ साली ते हरले. मार खाल्लेल्यानेच मोठे मन का दाखवायचे, हा त्यांचा प्रश्न मात्र हरलेला नाही. त्याच घटनेत उबुंटूच्या शेजारी भरपाईचाही उल्लेख आहे. तो गाळून केवळ सलोखा सांगणे ही फसवणूक होय.

आपल्याकडेही दलिताला 'झाले गेले विसरा' असा उपदेश फुकट मिळतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समता, स्वातंत्र्य आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे बजावले होते. समतेवाचूनची बंधुता म्हणजे मालकाने नोकराच्या पाठीवर ठेवलेला हात. बंधुतेचे मूळ त्यांनी बुद्धाच्या मैत्रीत पाहिले. मैत्री बरोबरीच्यांतच होते.

म्हणून कोणी गावाच्या जुन्या एकोप्याचे गोडवे गायले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत : पंगत कोठे बसते? पाण्यात वाटा कोणाचा? आणि अजूनही गावाची स्मशाने किती? उत्तरे ऐकली, की त्या गावात माणूस किती माणसांमुळे माणूस आहे, याचा हिशेब लागतो.