नानांचं मिग

२०२५ च्या दसऱ्यापासून पुढे तीन महिने आमच्या घरात एक लढाऊ विमान तयार होत होतं. हसू नका मैत्रिणींनो, अगदी खरं सांगतेय! कारखाना म्हणजे आमचं जेवणाचं टेबल, त्यावर पसरलेले जुने पेपर, नखं घासायची कानस, भुवया कोरायचा चिमटा आणि शून्य नंबरचा ब्रश. विमान मिग-२१. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसपट लहान. पंखांची रुंदी पंधरा सेंटिमीटर आणि लांबी जेमतेम फूटभर. कारागीर दोन. एक मी, मराठी घेऊन बी.ए. झालेली, आयुष्यात कधी स्क्रू ड्रायव्हर न धरलेली. दुसरे माझे सासरे, नाना. वय पंचाहत्तर, दोन्ही हातांना कंप.

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? सांगते.

दसऱ्याच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोका निघाला. माझ्या मुलाने दहावीच्या सुट्टीत हट्टाने घ्यायला लावलेला. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लोंबकळणारे शेकडो बारीक तुकडे. तुकडे बघूनच त्याचा उत्साह मावळला आणि पुढे तो शिकायला पुण्याला गेला. खोका तसाच राहिला. तो मी टाकूनच देणार होते. पण त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं विमान ६२ वर्षांनी निवृत्त होत होतं. टीव्हीवर ते शेवटचं उड्डाण चाललं होतं. उडवणाऱ्यांत स्क्वाड्रन लीडर प्रिया शर्मा ही एक मुलगीही होती. मी कौतुकाने नानांकडे पाहिलं, तर ते डोळे पुसत होते.

नानांची सारी नोकरी ओझरच्या कारखान्यात गेली. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, १९६४ मध्ये मिग-२१ साठीच उभा राहिलेला हा कारखाना. धड आणि पंख ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी. देशात अशी सहाशेहून जास्त मिग-२१ तयार झाली. आयटीआय करून नाना १९७४ मध्ये फिटर म्हणून लागले ते पंखांवर. पहिल्या पाळीची बस, जेवणाचा डबा, घरी आल्यावर अंगाला येणारा तेलाचा वास, हे सगळं मी सासूबाईंकडून ऐकलेलं. नाना स्वतः कधी काही बोलायचे नाहीत. आणि आमच्या दोघांत तर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याचं कारण मला माहीत होतं.

२००६ ची गोष्ट. ‘रंग दे बसंती’ पाहून आम्ही घरी आलो होतो. मी लग्न होऊन तीन वर्षांची, नुकतीच महिला मंडळात भाषणं करू लागलेली. सिनेमात मिग कोसळून वैमानिक जातो, त्याची आई... माझं डोकं तापलेलं होतं. मुंबईच्या कविता गाडगीळ यांच्याविषयीही तेव्हा वाचलं होतं. त्यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित, सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेला. वर ठपका त्याच्यावरच आला, आणि मुलाच्या नावासाठी ती माऊली किती वर्षं झगडली. जेवताना मी तावातावाने म्हटलं, “विमानं कसली, उडत्या शवपेट्या आहेत नुसत्या! बनवणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते?”

नानांनी ताटात हात धुतला आणि उठले. एक शब्द बोलले नाहीत.

रात्री सासूबाई भांडी आवरताना एवढंच म्हणाल्या, “झोप लागत नाही गं त्यांना. पेपरात अपघात आला की चार-चार वेळा बातमी वाचतात. कोणतं विमान, कुठल्या साली बनलेलं, ते शोधत बसतात.”

मला तेव्हा माफी मागता आली नाही. मग वर्षं गेली. सासूबाईही गेल्या, २०२४ मध्ये. बचत गटाच्या कामासाठी मी दहा वस्त्या पालथ्या घालते, दुसऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास बोलते. आणि घरच्या माणसाशी? “चहा ठेवू का?” आणि “गोळी घेतली का?” बस्स.

त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि खोका टेबलावर आणून ठेवला. म्हटलं, “नाना, मला यातलं काही कळत नाही. शिकवाल?”

त्यांनी झाकण उघडलं. पंखाचा तुकडा उचलून प्रकाशात धरला, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. म्हणाले, “बिस आहे. हवेचा वेग मोजायची नाकावरची नळी बघ, उजवीकडे सरकवलीय. जुन्या एफएलला ती बरोबर मधोमध असायची.”

तीन महिन्यांतलं पहिलं लांब वाक्य!

कामाला सुरुवात झाली ती कॉकपिटपासून. हे मॉडेल आतून बाहेर बांधत जायचं असतं. आधी वैमानिकाची बसायची जागा रंगवायची, मग ती धडाच्या दोन अर्धुकांत बंद करायची. रशियन कॉकपिटचा रंग हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, निळा म्हणावा तर निळा नाही. मी तीनदा मिसळला, नानांनी तीनदा मान हलवली. शेवटी ते माझ्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रिळं चाळत बसले आणि फिरोजी रंगाचं एक रीळ पुढे केलं. “हा.” त्या रिळावरून रंग जमला. काळ्या डायलच्या पाटीवर मधोमध एक उभी पांढरी रेघ ओढायला सांगितली. मला वाटलं नक्षी असेल. “नक्षी नाही. विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली यायला लागलं की वैमानिकाला काही सुचत नाही. तेव्हा दांडा त्या रेघेवर आणायचा, म्हणजे तो बरोबर मध्ये येतो.” ती रेघ ओढताना माझा हात नानांपेक्षा जास्त थरथरला. खुर्चीचे पट्टे चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचे केले.

मग धड जोडलं. मॉडेलचा गोंद निराळाच असतो. तो चिकटवत नाही, प्लॅस्टिक किंचित वितळवून दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून तो ब्रशने पाण्यासारखा सोडायचा आणि धीर धरून दाबून ठेवायचं. धीर माझ्याकडे कमी. पंख बसवला, वाळला, आणि मी कौतुकाने नानांपुढे धरला. त्यांनी भिंग लावलं.

“फट आहे.”

“नाना, अर्धा मिलिमीटर असेल!”

“अठ्ठेचाळीसने गुण.”

गुणलं. चोवीस मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानात जवळजवळ एक इंच!

“पंखात इंचभर फट ठेवून विमान सोडू?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला २००६ चं ते ताट आठवलं.

पुट्टी भरली. वाळली की पाण्याच्या पॉलिश पेपरने घासली. पुन्हा भरली, पुन्हा घासली. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. घासताना पंखावरच्या बारीक रिव्हेटच्या ओळीही पुसल्या गेल्या. त्या सुईच्या टोकाने, पट्टी लावून एकेक टिंब टोचत पुन्हा उमटवायच्या होत्या. हे करता करता नाना बोलायला लागले.

“रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो. दुसरा पत्र्याच्या आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून धरतो, त्याला आम्ही डॉली म्हणायचो. गनचा मार डॉलीवर बसतो तेव्हा रिव्हेटचं आतलं तोंड चेपतं आणि पत्रा पक्का होतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. टकटक आवाजावर काम. आतल्याने डॉली तिरकी धरली तर रिव्हेट वाया. पण बाहेरून बघणाऱ्याला दिसते ती फक्त गनवाल्याची सुबक ओळ.” मग थोडं थांबून, “तुझ्या सासूने घरात जन्मभर डॉलीच धरली. कधी सांगायला जमलं नाही.”

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. “नाना, त्या रात्री मी जेवताना जे बोलले...”

“चूक नव्हतं सगळं,” ते म्हणाले.

आणि मग हा अबोल माणूस तासभर बोलला. २०१२ मध्ये तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेले आकडे त्यांना तोंडपाठ होते. सर्व प्रकारची मिळून ८७२ मिग विमानं, त्यातली ४८२ अपघातात गेली, १७१ वैमानिकांसह. एकच इंजिन, ते बंद पडलं की दुसरा आधार नाही. पंख छोटे, त्यामुळे ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीकडे यावं लागे. तरणी पोरं सराव विमानांवरून थेट या वेगावर यायची. मधली पायरी असणारं हॉक हे प्रशिक्षण विमान हवाई दलात दाखल झालं ते २००८ मध्ये! पक्षी धडकायचे ते वेगळंच. आणि याच विमानांनी १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेट्स टाकली, त्यानंतर दोनच दिवसांत पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. तेही खरं आणि हेही खरं.

“पण सगळा दोष दुसऱ्यांवर टाकून मी मोकळा नाही होणार,” नाना म्हणाले. “माझ्या हातून कधीच एखादी रिव्हेट तिरकी गेली नसेल, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? तपासणी करणारे होते, शिक्के होते, तरीपण... शवपेटी म्हणाली नसतीस तर बरं झालं असतं. आम्ही ते विमान पोरं परत यावीत म्हणूनच बांधत होतो.”

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. एकोणीस वर्षं उशिरा मागितलेली माफी त्यांनी डोक्यावर हात ठेवून घेतली. हात थरथरत होता.

पुढचं काम मात्र हसतखेळत झालं. सगळंच नीट झालं असं नाही हं! नाकावरची नळी घासताना माझ्या हातून मोडली. तिच्या जागी इंजेक्शनची सुई कापून लावली, ती प्लॅस्टिकपेक्षा छान दिसली. कॉकपिटचं पारदर्शक झाकण मी घाईत साध्या झटपट गोंदाने चिकटवायला गेले आणि त्याच्या वाफेने आतून धुकं धरल्यासारखं पांढरं झालं. मला रडूच फुटायचं बाकी होतं. नाना म्हणाले, “टूथपेस्ट आण.” मऊ फडक्यावर एवढीशी टूथपेस्ट घेऊन ते झाकण आतून हलके हलके घासत बसले. ज्या कंपामुळे त्यांना कप धरता येत नाही, तोच कंप घासायला कामी आला! दोन दिवसांनी काच लख्ख.

करड्या रंगाचे पातळ थर दिले. जाड रंग दिला की बारीक रेघा बुजतात, म्हणून एका थराऐवजी चार. त्यावर चकचकीत वॉर्निश. मग पाण्यात भिजवलेली चिन्हं कागदावरून अलगद सरकवून पंखांवर बसवली. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. शेवटी काळा तैलरंग अगदी पातळ करून रेघांमध्ये सोडला आणि वरचा पुसून घेतला. डोळ्यांत काजळ घालावं तशी एकेक रिव्हेट उठून दिसली. तोफेच्या तोंडाशी थोडा धूर, चाकांना थोडी धूळ. “कामाचं विमान कधी कोरं नसतं,” नाना म्हणाले.

त्या दिवसांत मी त्यांना अवनी चतुर्वेदीची गोष्ट वाचून दाखवली. १९ फेब्रुवारी २०१८ ला जामनगरला तिने एकटीने लढाऊ विमान उडवलं, असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ते विमान मिग-२१ बायसनच होतं. “म्हणजे बिसचंच सुधारलेलं रूप,” नाना लगेच म्हणाले. “आणि सुखरूप उतरली ना?” उतरली, म्हटलं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

मैत्रिणींनो, आपल्या घरातही असा एखादा खोका माळ्यावर पडलेला असेल. मॉडेलचाच असेल असं नाही. जुनं शिवणयंत्र असेल, बंद पडलेला रेडिओ असेल, सासूबाईंची पाककृतींची वही असेल. “मला शिकवाल?” एवढं विचारून बघा. समोरासमोर बसून जे बोलणं होत नाही, ते हाताला काम असताना आपोआप होतं. मी समाजकार्य करणारी बाई, पण हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, घरातच कळलं.

डिसेंबरच्या शेवटी मुलगा सुट्टीला आला. दिवाणखान्यात, आजीच्या फोटोशेजारी ठेवलेलं विमान त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. पंखाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. फट सापडली नाही.

“आजोबा, हे तुम्ही केलंत?”

नाना माझ्याकडे बघून हसले. “तुझ्या आईने केलं. मी नुसती डॉली धरली.”