विश्लेषण : जुनी बुलेट घरी स्टँडवर चढवताना काय सांभाळायचे?

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट ३५० बाळगणारे अनेक जण चाक काढणे, ब्रेक शू बदलणे अशी कामे सोसायटीच्या पार्किंगमध्येच उरकतात. गाडीचे वजन १६० किलोंच्या आसपास. ती चढवताना सगळेच जपून असतात. खरा धोका त्यानंतर, गच्च बसलेल्या नटावर पाना लावून जोर काढताना असतो.

मधल्या स्टँडवर गाडी कशाच्या आधाराने उभी राहते?

स्टँडचे दोन पाय आणि एक चाक, बहुधा पुढचे. हे तीन बिंदू जोडून होणाऱ्या त्रिकोणावर गुरुत्वमध्य आहे, तोवर गाडी उभी. मागचे चाक काढले की मागचा भार घटतो आणि गाडी पुढे आणखी नीट टेकते. पुढचे चाक काढले की मात्र त्रिकोणाचे टोकच जाते. इंजिनाखाली आधार दिल्याशिवाय ते काढू नये.

मग गाडी स्टँडवरून सुटते कशी?

मधला स्टँड मागच्या बाजूला दुमडतो. त्यामुळे गाडीला पुढे धक्का बसला की तो सुटतो, आणि गंजलेल्या अ‍ॅक्सलच्या नटावर पाना ओढताना नेमका तसाच धक्का बसू शकतो. म्हणून नट दोन्ही चाके जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. मागचे चाक हवेत असताना गिअर टाकून काहीच साधत नाही. गिअर अडवतो ते तेच चाक. त्याऐवजी पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या रबराने बांधावा आणि पुढच्या चाकासमोर लाकडी ठोकळा लावावा. स्टँडचा पाय पट्ट्याने फ्रेमच्या पुढच्या नळीला आवळला, तर तो दुमडूच शकत नाही. मिनिटभराचे काम, पण फारसे कुणी करत नाही.

जुन्या गाडीत स्टँडची भोके झिजून लांबट झालेली असू शकतात. चढवल्यावर गाडी हलकेच डोलवून पाहावी. स्टँड खुळखुळत असेल तर आधी त्याची दुरुस्ती. पेव्हर ब्लॉकवर काम असेल तर खाली जाड प्लायवुड हवे.

जॅक कुठे लावायचा?

या बुलेटच्या इंजिनाखालून फ्रेमची नळी जात नाही, त्यामुळे भार थेट क्रँककेसवर येतो. ‘कास्ट आयर्न’ या नावाने फसू नये. ओतीव लोखंडाचा असतो तो सिलिंडर; क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि जॅकच्या टोकाखाली तडकू शकतो. मध्ये जाड, रुंद फळी घालावी. ऑइलचा ड्रेन प्लग आणि सायलेन्सरचा पाइप टाळावा. हायड्रॉलिक जॅकचे सील गळत असेल तर तो हळूहळू बसतो. उंची मिळाली की लाकडी ठोकळे सरकवून भार त्यांच्यावर घ्यावा. विटा नकोत, त्या अचानक फुटतात. गाडी कलते तेव्हा कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहू शकते, म्हणून कॉक आधीच बंद करावा.

उतरवताना आधी पट्टा आणि ठोकळा काढावा, साइड स्टँड उघडावा आणि मगच गाडी पुढे ढकलावी. नट शेवटचे आवळायचे ते दोन्ही चाके टेकल्यावर.