एक दालन, एक गुपित

नाटकातील पात्रांनी परस्परांशी बोलावे, हा नाट्यकलेचा सर्वमान्य संकेत आहे. परंतु पात्रे एकामागून एक येऊन आपापलेच बोलू लागली, तर त्या सुट्या भाषणांचे नाटक कशाने होते? श्रोतेहो, याचे उत्तर दोन गोष्टींत सापडते : बोलणाऱ्यांची समाईक जागा आणि त्यांच्यामधील न बोललेली गोष्ट.

नुसत्या जागेचे बंधन सैल असते. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि १९६१ पासून ते एकटेच ती रंगमंचावर सादर करू लागले. तेथे चाळ हेच सूत्र आहे. तथापि चाळीत लपून राहील असे काही नाही. भिंतीपलीकडचे सारे सर्वांना ऐकू येते. म्हणून मधले एखादे प्रकरण मागेपुढे झाले तरी रस उणावत नाही. गुपित आले की मात्र क्रम पक्का होतो. कोण आधी बोलला, कोणी काय राखून ठेवले, याला अर्थ येतो.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ साली रंगमंचावर आणले. खेड्यातील एक सभागृह, रात्रीच्या प्रयोगाची वाट पाहणारी हौशी मंडळी आणि वेळ घालविण्यासाठी मांडलेला लटका खटला. आरोपी बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. साक्षी या येथे स्वगताच्या जातीच्याच आहेत. जो तो उभा राहतो आणि आपला तुकडा सांगतो. सामंत तर त्या गावचा, मंडळींना परका. तो एका कादंबरीतून उसनी साक्ष देतो आणि तीच नेमकी सत्याला जाऊन भिडते. पोंक्षे विश्वासाने कानी आलेली गोष्ट चारचौघांत मांडतो. बेणारेबाई निघू पाहतात, तो दार बाहेरून बंद! दालनाचा आता सापळा झालेला असतो.

आम्हां सरकारी नोकरांना याचे नवल वाटू नये. 'गोपनीय' शिक्क्याचा कागद ज्यांच्या हातांतून जातो, त्या प्रत्येकाला त्यातले थोडेथोडे ठाऊक असते. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतीत शेजाऱ्याचे दुःखही असेच तुकड्यातुकड्यांनी कळते. हे तुकडे जोडणारा कोणी एक लागतो. नाटकात ते काम प्रेक्षक करतो.

अखेरीस न्यायासन बाईंना बोलण्यासाठी दहा सेकंद देते. त्या दीर्घ स्वगतात इतर पात्रे निश्चल असतात. ऐकतो तो केवळ प्रेक्षक. तोवर गुपित फुटावे म्हणून तोही उत्सुक होताच. सुट्या साक्षी जोडण्यात त्याचाही हात होता. म्हणून निकालाच्या ओझ्यातून त्यालाही सुटका नाही.