तारीख का पडली?

कोर्टाची पायरी चढून आलेल्या माणसाला ‘काय झालं?’ असं विचारलं, की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: ‘तारीख पडली.’ ती का पडली, कुणी मागितली, न्यायाधीशांनी कशासाठी दिली, यातलं त्याला काही सांगता येत नाही. वकिलांनी गाडी पकडता पकडता फोनवर जेवढं सांगितलं तेवढंच त्याच्या हाती असतं. खरं तर प्रत्येक तारखेला काय घडलं याची कोर्टात त्याच दिवशी नोंद होते. तिला रोजनामा म्हणतात. तो आज मोबाइलवर दिसतो, आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कुणालाही तो वाचायला शिकता येतो. ज्याचं प्रकरण चालू आहे त्याने तर तो वाचलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कोर्ट शोधण्यापासून. उपनगरात फौजदारी प्रकरणाची पहिली पायरी म्हणजे मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी, कुर्ला, वांद्रे इथे ही कोर्टं आहेत. कुठलं पोलीस ठाणं कुठल्या कोर्टाला जोडलेलं आहे हे ठरलेलं असतं. घाटकोपरच्या माणसाला विक्रोळीला जावं लागतं ते त्यामुळे. चेक न वटल्याच्या प्रकरणात हिशेब वेगळा आहे. 2015च्या दुरुस्तीनंतर, ज्याने चेक आपल्या खात्यात भरला त्याचं खातं ज्या बँकशाखेत आहे, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात तक्रार करावी लागते. दुकान मुलुंडला आणि खातं अंधेरीला असेल, तर फेऱ्या अंधेरीच्याच.

गुन्हा गंभीर असेल तर प्रकरण सत्र न्यायालयात जातं. फोर्टमधल्या नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची एक शाखा दिंडोशीला आहे आणि पश्चिम उपनगरांचं बरंच काम तिथे चालतं. हेच न्यायालय दिवाणी दावेही चालवतं. 2023च्या दुरुस्ती कायद्याने त्याची मर्यादा एक कोटीवरून दहा कोटी रुपयांवर नेली, त्यामुळे पूर्वी उच्च न्यायालयात जाणारे फ्लॅटचे, जागेचे कितीतरी वाद आता नगर दिवाणी न्यायालयात येतात. भाडेकरू आणि मालकाचं भांडण असेल तर लघुवाद न्यायालय. त्याची शाखा वांद्रे पूर्वेला भास्कर बिल्डिंगमध्ये आहे. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कुटुंब न्यायालय. सोसायटीच्या पुनर्विकासात बिल्डरशी बिनसलं आणि करारात लवादाचं कलम असलं, तर बोरिवलीच्या सभासदांना बऱ्याचदा थेट फोर्टला उच्च न्यायालय गाठावं लागतं.

कोर्ट कळलं, की प्रकरणाचा सीएनआर क्रमांक मिळवायचा. हा सोळा अक्षरांचा आणि आकड्यांचा असतो. खालच्या कोर्टांत त्याची सुरुवात एमएच या राज्याच्या अक्षरांनी होते, पुढे कोर्टाची खूण, मग अनुक्रमांक आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे. प्रकरण एका न्यायाधीशांकडून दुसऱ्यांकडे गेलं तर कोर्टाचा नंबर बदलतो, पण हा क्रमांक तोच राहतो, म्हणून डायरीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवावा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की प्रकरण उघडतं. क्रमांक माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावावरून, वकिलाच्या नावावरून, किंवा पोलीस ठाणं आणि एफआयआरचा नंबर घालूनही शोधता येतं. नावावरून शोधताना स्पेलिंगने घात होतो. एकच आडनाव तीन तऱ्हांनी टाइप केलेलं असतं, म्हणून आडनावाचा तुकडाच टाकून पाहावा.

उघडलेल्या पानावर वर प्रकरणाचा प्रकार, दाखल झाल्याची तारीख, पुढची तारीख, टप्पा आणि कोर्टाचा नंबर दिसतो. लोक पुढची तारीख पाहून पान बंद करतात. खरा ऐवज खाली आहे. तिथे आजवरच्या सगळ्या तारखांचा इतिहास एकाखाली एक लावलेला असतो: कुठल्या न्यायाधीशांपुढे, कुठल्या दिवशी, कशासाठी. त्यातल्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीची नोंद उघडते. मुंबईत ती बहुधा इंग्रजीत असते आणि चार-पाच ओळींच्या पुढे क्वचितच जाते. ती साधारण अशी असते: फिर्यादी व वकील हजर. आरोपी गैरहजर. आरोपीच्या वकिलांचा हजेरी माफीचा अर्ज, आजच्यापुरता मंजूर. साक्षीदार हजर, पण आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीसाठी मुदत मागितली. अर्ज मंजूर, खर्चासह. पुढील तारीख पुराव्यासाठी.

या नोंदीत तारीख का पडली त्याचं पूर्ण उत्तर आहे. मुदत समोरच्याने मागितली, साक्षीदार आलेला होता, आणि कोर्टाने मुदत देताना खर्च बसवला. खर्चाची रक्कम छोटी असते, पण ती बसली याचा अर्थ न्यायाधीशांना कारण फारसं पटलेलं नव्हतं. अशा तीन-चार नोंदी ओळीने दिसल्या, तर आपल्या वकिलांना पुढच्या खेपेस हरकत लेखी द्यायला सांगता येतं. कायदा त्याच बाजूचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं म्हटलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फौजदारी प्रकरणांसाठी दोनची मर्यादा आहे, तीही कारण पक्षाच्या हाताबाहेरचं असेल तर, आणि दुसऱ्या बाजूचं ऐकून, लेखी कारण देऊन. या मर्यादा रोज ओलांडल्या जातात हे कोर्टात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तर नोंदी मोजणारा पक्षकार हवा.

काही शब्द ओळखीचे करून घ्यावेत. ‘अवेट समन्स’ म्हणजे समन्स निघालंय, बजावणीचा अहवाल यायचाय. इथे खोळंबा पोलिसांकडे किंवा बेलिफाकडे आहे. ‘स्टेप्स’ असं लिहिलं असेल तर मात्र चेंडू आपल्याच कोर्टात आहे: प्रोसेस फी भरायची राहिली आहे, पत्ता द्यायचा राहिला आहे. कित्येक फिर्यादी वर्षभर ‘समन्स लागत नाही’ म्हणून पोलिसांना बोल लावतात आणि नोंदीत प्रत्येक वेळी स्टेप्स लिहिलेलं असतं. ‘से’ म्हणजे अर्जावर समोरच्याचं म्हणणं. ‘पीओ ऑन लीव्ह’ म्हणजे पीठासीन अधिकारी रजेवर. आरोपी सापडतच नसेल तर प्रकरण ‘डॉर्मंट’ फायलीत जातं. तिथे गेलेलं प्रकरण आपोआप जागं होत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो.

हे सगळं घरबसल्या झालं. पण एकदा तरी कोर्टात जाऊन बसावं. सुनावणी खुल्या कोर्टात व्हावी असा कायदा आहे, आणि मागच्या बाकावर बसायला पक्षकार असण्याची गरज नाही. मोबाइल बंद ठेवायचा, फोटो आणि रेकॉर्डिंग अजिबात करायचं नाही. वहीत टिपणं घ्यायला हरकत नसते. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, म्हणजे प्रकरणांची यादी. सकाळी अकराच्या सुमारास साहेब डायसवर येतात आणि पुकारा सुरू होतो. पहिल्या फेरीत नुसती हजेरी लागते, मुदती दिल्या जातात, किरकोळ अर्ज निघतात. साक्षीपुरावा असलेली प्रकरणं बाजूला ठेवून नंतर घेतली जातात. म्हणून पहिल्या पुकाऱ्याला गैरहजर राहणं सगळ्यात महागात पडतं: पाच मिनिटं उशीर झाला आणि वकीलही दुसऱ्या मजल्यावर अडकले असले, तर नोंदीत ‘गैरहजर’ पडतं, आणि आरोपीच्या बाबतीत वॉरंटही निघू शकतं. दुपारी पोलीस अटक केलेल्यांना रिमांडसाठी आणतात, तेव्हा चालू साक्षही थांबते. न्यायाधीशांसमोर बसलेल्या बेंच क्लार्ककडे नोंदीची किल्ली असते. निघताना पुढची तारीख त्यांना विचारून खात्री करून घ्यावी.

आता न्यायाधीशांविषयी. कुठले साहेब ‘कडक’, कुठले ‘जामीन देतात’, अशा गप्पा कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर चालतात. त्यांचा उपयोग फार नाही. उपयोगी माहिती वेगळी आहे. मॅजिस्ट्रेट आणि कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. त्यांचं प्रशिक्षण भाईंदरजवळ उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतं. जिल्हा न्यायाधीशांच्या काही जागा सात वर्षं वकिली केलेल्यांमधून थेट भरल्या जातात, बाकीच्या बढतीने. संविधानाच्या अनुच्छेद 235 प्रमाणे या सगळ्यांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं. त्यांच्या बदल्या मंत्रालयातून होत नाहीत. वार्षिक बदल्यांचे आदेश उन्हाळ्याच्या सुमारास निघतात आणि सुट्टीनंतर नवे न्यायाधीश रुजू होतात. जुन्या फौजदारी संहितेतलं ‘महानगर दंडाधिकारी’ हे पद नव्या संहितेत राहिलेलं नाही, म्हणून जुन्या कागदांवर एक पदनाम आणि नव्यावर दुसरं दिसलं तर गोंधळू नये.

बदलीने प्रकरणाचं काय होतं, हे माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. साधारणपणे आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेला पुरावा नवे न्यायाधीश तसाच पुढे चालवतात. पण संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे समरी ट्रायलने चाललेल्या प्रकरणात ती मुभा नाही. तिथे साक्षीदाराचं म्हणणं पूर्ण न उतरवता सारांशाने टिपलेलं असतं, म्हणून ते ज्यांनी ऐकलं त्यांनीच निकाल द्यावा असा विचार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये नितीनभाई शहा प्रकरणात हेच सांगितलं आणि चेकचं प्रकरण नव्याने चालवायला परत पाठवलं. चेकची प्रकरणं कागदावर बहुधा समरीच असतात. तेव्हा आपली साक्ष सविस्तर नोंदवली जातेय ना, हे वकिलांना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. न्यायाधीश बदलल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

उच्च न्यायालयात चित्र वेगळं असतं. तिथे कुणी कुठल्या विषयाची प्रकरणं ऐकायची हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्या वाटपाला रोस्टर म्हणतात, आणि ते ठरावीक काळाने बदलतं. रोस्टर आणि रोजचा बोर्ड दोन्ही उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. मोठ्या बोर्डात आपलं प्रकरण शंभराच्या पुढे असेल तर ते त्या दिवशी न पोहोचण्याचीच शक्यता जास्त.

न्यायाधीशांवरचा विश्वासच उडाला तर काय करायचं, याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण अंधेरीचंच आहे. जावेद अख्तर यांनी नोव्हेंबर 2020 मध्ये कंगना राणावत यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीची तक्रार अंधेरीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात केली. कोर्टाने आधी जुहू पोलिसांना चौकशी करायला सांगितलं, फेब्रुवारी 2021 मध्ये समन्स काढलं, आणि त्या हजर न राहिल्याने 1 मार्चला जामीनपात्र वॉरंट काढलं. त्या हजर झाल्या, वॉरंट रद्द झालं. कारवाई रद्द करावी म्हणून त्या उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबरमध्ये ती याचिका फेटाळली गेली. मग या कोर्टावर आपला विश्वास राहिलेला नाही असं म्हणत त्यांनी प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्याचा अर्ज मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे केला. तो ऑक्टोबर 2021 मध्ये नामंजूर झाला. प्रकरण पुढे वांद्र्याच्या कोर्टात गेलं, आणि अखेर 28 फेब्रुवारी 2025 ला तिथे दोघांची तडजोड झाली आणि प्रकरण निकालाविना मिटलं. चार वर्षांहून जास्त काळ कुठे गेला हे बातम्यांतून कळत नाही, नोंदींतून कळतं. आणि वाटा कुठल्या असतात हेही यात दिसतं: आदेश चुकीचा वाटला तर वरच्या कोर्टात दाद, पक्षपाताची खरी भीती असेल तर वर्ग करण्याचा अर्ज. न्यायाधीशांच्या वागणुकीबद्दलच गंभीर तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाच्या प्रशासनाकडे लेखी जाते. निकाल विरोधात गेला, हे मात्र तक्रारीचं कारण होऊ शकत नाही.

खुल्या कोर्टालाही दारं आहेत. बलात्काराचे खटले आणि पॉक्सोखालची प्रकरणं बंद दाराआड चालतात, कौटुंबिक वादांतही तशी सोय आहे. वृत्तांकनावर न्यायाधीश बंधन घालू शकतात का, हा प्रश्न मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. तारकुंडे यांनी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्धच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असं तोंडी सांगितलं, त्याला वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतरांनी आव्हान दिलं. 1966 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की खुली सुनावणी हाच नियम, पण न्यायासाठी गरज पडली तर न्यायाधीश तो अपवादाने बाजूला ठेवू शकतात. एरवी, कामकाजाचं प्रामाणिक आणि अचूक वर्णन करणं किंवा लागलेल्या निकालावर योग्य टीका करणं हा अवमान नाही, असं 1971च्या अवमान कायद्यातच लिहिलं आहे.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. ॲपवरची नोंद माहितीसाठी असते. अपील करायचं तर आदेशाची प्रमाणित नक्कल लागते. तिचा अर्ज आदेश झाला त्याच दिवशी नक्कल विभागात द्यावा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण अर्ज करायला आपण घालवलेले दिवस होत नाहीत. पक्षकार नसलेल्यालाही कारण देऊन नक्कल मागता येते, ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. नक्कल हातात आली की तिच्यावरच्या तीन तारखा बघाव्यात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अपिलाची मुदत मोजताना वकील आधी त्याच मागतात.